तोच मुखडा चार वेळा: एका भावगीतातल्या बदली कॉर्ड्स

हे प्रकरण पुण्यात बसवलेल्या एका नव्या भावगीताचं आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत आणि ती ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. मी गाणी रचणाऱ्यांसाठी छोट्या कार्यशाळा घेतो. या गाण्याच्या तालमींना मला ऐकायला बोलावलं होतं, त्यामुळे बहुतेक निर्णय माझ्यासमोर झाले. चाल तशीच ठेवून खालच्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) बदलणं, म्हणजे कॉर्ड सब्स्टिट्यूशन, यावर गिटारवाल्या मंडळींत भरपूर बोललं जातं. तानपुरा लावून गाणाऱ्या गायिकेच्या शेजारी बसून हे करताना काय काय आडवं येतं, ते मात्र फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून ही नोंद.

पार्श्वभूमी

संगीतकार ताई शास्त्रीय गाणं शिकलेल्या आहेत आणि चाल नेहमी पेटीवर बांधतात. कविता एका निवृत्त शिक्षिकेची. सगळे त्यांना बाई म्हणतात. गायिका तरुण आहे, तालीम पक्की. पेटीला एक अनुभवी काका, तबल्याला त्यांच्याच ओळखीतला मुलगा. गिटारवाला हिंजवडीत नोकरी करतो. जॅझ ऐकून आणि वाजवून त्याने हार्मनीचा, म्हणजे कॉर्ड्स जुळवण्याच्या शास्त्राचा, चांगला अभ्यास केला आहे. एरंडवण्यातल्या एका लहान सभागृहात नव्या भावगीतांचा कार्यक्रम ठरला होता आणि त्यात हे गाणं शेवटून दुसरं होतं.

तालमी सदाशिव पेठेत, बाईंच्या घरी. गणपती जवळ आलेले, संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की तानपुरा ऐकू यायचा नाही. त्यामुळे रविवारची सकाळ ठरली.

गाण्याचा मुखडा असा:

दार लोटून गेलास तू,
कडी लावली नाही मी.

पहिल्या अंतऱ्यात तो नुकताच गेला आहे आणि ती रुसलेली आहे. दुसऱ्यात वर्षं गेली आहेत, लोक बोलायला लागले आहेत. तिसऱ्यात तो येणार नाही हे तिला कळलेलं आहे, तरी कडी अजून लावलेली नाही. प्रत्येक अंतऱ्यानंतर हाच मुखडा परत येतो. शब्द तेच, पण आधी आशा, मग हट्ट, मग ज्याला नाव देता येत नाही असं काहीतरी. बाईंच्या कवितेची सगळी ताकद या परत येण्यात आहे.

चाल केहरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, मुखड्याला चार आवर्तनं. ती कुठल्या एका रागात बांधलेली नाही. सगळे स्वर शुद्ध. पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे ते चालीचे थांबे: ‘दार लोटून’ पंचमावर (प) थांबतं, ‘गेलास तू’ धैवतावर (ध), ‘कडी लावली नाही’ रिषभावर (रे) आणि ‘मी’ गंधारावर (ग). गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. गिटारवाला पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी मेजरचे आकार वाजवत होता, म्हणून या लेखात जी म्हणजे सा असं धरू.

त्याने सुरुवातीला धरलेल्या कॉर्ड्स सरळ होत्या. पहिल्या आवर्तनाला जी, म्हणजे सा-ग-प. दुसऱ्याला सी, म्हणजे म-ध-सा. तिसऱ्याला डी, म्हणजे प-नि-रे. चौथ्याला पुन्हा जी. चालीचा प्रत्येक थांबा त्या त्या कॉर्डमध्ये आहेच, त्यामुळे कुठेही काही खटकत नव्हतं.

अडचण

गाणं पहिल्यांदा सलग म्हटलं गेलं तेव्हा बाई म्हणाल्या, “पहिले दोन मुखडे छान वाटतात. तिसऱ्याला मला वाटतं, हे झालंय की आपलं सांगून. चौथ्याला तर मी गाणं संपायची वाट बघते.” कविता लिहिणारी व्यक्ती हे स्वतः म्हणत होती, त्यामुळे ते सगळ्यांना लागलं.

दोष कुठे आहे यावर दोन मतं पडली. काकांचं म्हणणं, हे काम गायिकेचं आहे. पुण्यात भावगीतगायक गजानन वाटव्यांच्या काळापासून माणसं पेटी-तबल्यावर भावगीत ऐकत आली. खाली कॉर्ड नव्हतीच, आणि एकच ओळ चार प्रकारे म्हणायची ती गळ्याने. गिटारवाला म्हणाला, “काका, तुमचं खरं आहे. पण आता खाली कॉर्ड आहे ना. मी चारही वेळा सा-ग-पवर येऊन थांबतो. ती वर रडली तरी मी खाली ‘सगळं ठीक आहे’ असंच म्हणतोय.” मला त्याचं बरोबर वाटलं. साथीला हार्मनी नसेल तर ओळीचा अर्थ गायिकेच्या हातात असतो. हार्मनी आली की अर्थात तिचाही वाटा येतो, मग वाजवणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो.

समोरचे मार्ग

शेवटच्या मुखड्याची चाल बदलावी, असं एकाने सुचवलं. ताईंनी ते लगेच नाकारलं. चाल तीच राहिली तरच ऐकणाऱ्याला कळेल की कवितेतली ती त्याच जागी उभी आहे आणि दिवस पुढे गेलेत. त्याच कारणाने गायिकेने मोठ्या हरकती घ्यायलाही त्या तयार नव्हत्या.

शेवटच्या मुखड्याला पट्टी अर्ध्या स्वराने चढवावी, हा दुसरा मार्ग. सिनेमाच्या गाण्यांत हे खूप वेळा होतं आणि टाळ्याही मिळतात. इथे दोन अडचणी होत्या. गाण्यात तानपुरा होता, तो मधेच काळी चारवरून पांढरी सहावर नेणं म्हणजे ऐकणाऱ्याच्या पायाखालचा षड्जच (सा) काढून घेणं. आणि कवितेचा सूर शेवटी खाली येतो. पट्टी चढवली की गाणं जिंकल्यासारखं वाटतं.

व्हायोलिन किंवा बासरी वाढवायला पैसे नव्हते. तबला थांबवून एक मुखडा मोकळा म्हणायचा, हे सगळ्यांना पटलं आणि पुढे दुसऱ्या अंतऱ्याच्या सुरुवातीला ते काही प्रमाणात वापरलंही. पण नुसत्या तबल्याच्या असण्या-नसण्याने अर्थ बदलेल असं कुणालाच वाटलं नाही. शेवटी गिटारवाला म्हणाला, “मला एक आठवडा द्या, मी कॉर्ड बदलून आणतो.”

पहिला आराखडा आणि तो का कोसळला

तो जे घेऊन आला ते कागदावर फार देखणं होतं. जवळजवळ प्रत्येक आवर्तनाला नवी कॉर्ड. त्यातल्या दोन जागा बारकाईने बघण्यासारख्या आहेत, कारण दोन्हीकडे सिद्धांत बरोबर होता आणि गाणं मोडत होतं.

पहिली जागा ‘नाही’ या शब्दाची. तिथे मूळ कॉर्ड डी, आणि वरून म मिसळला की डी सेव्हन्थ: प-नि-रे-म. तिची सगळी ओढ नि आणि म या दोन स्वरांत असते. नि साकडे जायला बघतो आणि म गकडे. त्याच दोन स्वरांची आणखी एक सेव्हन्थ कॉर्ड आहे, जिचं मूळ, म्हणजे पायाचा स्वर, डीपासून बरोबर तीन पूर्ण स्वरांवर असतं: ए फ्लॅट सेव्हन्थ, म्हणजे कोमल (अर्धा स्वर उतरलेला) रे, म, कोमल ध, नि. ओढ तीच, रंग एकदम वेगळा. याला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात आणि १९४०च्या दशकातल्या बीबॉप जॅझपासून वादकांना ते हाताशी आहे. गिटारवाल्याने ते ‘नाही’वर टाकलं होतं.

गायिका दोनदा म्हणाली आणि थांबली. तिचा एरवी पक्का असलेला रिषभ डळमळत होता.

“तुझ्या कॉर्डमध्ये काय आहे?” तिने विचारलं.

“कोमल रे, म, कोमल ध, नि.”

“मी शुद्ध रिषभावर थांबलेय. तू माझ्याखाली कोमल रिषभ धरलायस, तोही सगळ्यात खालच्या तारेवर. मी उभी कशी राहू?”

तिने जे सांगितलं त्यात सब्स्टिट्यूशनची अर्धी विद्या आली. बदली कॉर्ड मूळ कॉर्डच्या जागी चालते की नाही, हे फक्त त्या दोन कॉर्ड्सच्या नात्यावरून ठरत नाही. त्या क्षणी चाल कुठल्या स्वरावर थांबली आहे, हे आधी बघावं लागतं. चाल तिथे निषादावर किंवा पंचमावर असती, तर हीच कॉर्ड सुरेख बसली असती. निषाद तिच्यात आहेच आणि पंचम तिच्यावर चमकतो. शुद्ध रिषभ मात्र तिच्या मुळापासून फक्त अर्ध्या स्वरावर आहे.

त्यात तानपुरा. सा सतत वाजतोय, कॉर्डमध्ये नि आणि कोमल रे. म्हणजे नि, सा, कोमल रे हे तीन शेजारचे स्वर एकाच वेळी. गिटारवाल्याने घरी तालमीच्या रेकॉर्डिंगवर काम केलं होतं आणि त्यात तानपुरा इतका बारीक होता की त्याला तो ऐकूच आला नव्हता. पाश्चात्त्य हार्मनीच्या पुस्तकांत तानपुरा नसतो. आपल्याकडे तो असेल तर सा आणि प हे प्रत्येक कॉर्डचे न लिहिलेले स्वर आहेत, मग कॉर्ड कुठलीही असो.

दुसरी जागा ‘तू’. तिथे त्याने सी मेजरऐवजी सी मायनर घेतली होती: म, कोमल ध, सा. ही कॉर्ड मेजर पट्टीतल्या गाण्यात आली की मन भरून येतं, म्हणून गाणी लिहिणारे तिच्यावर जीव टाकतात. पण ‘तू’ शुद्ध धैवतावर थांबतो. शुद्ध ध गळ्यात, कोमल ध गिटारवर. काका पेटी बंद करून म्हणाले, “अरे, दोन धैवत एका घरात कसे नांदतील?”

निर्णयाची पहिली जागा: कागद उलटा वाचायचा

इथे ताईंनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी कॉर्ड्सचा कागद बाजूला ठेवला आणि कोऱ्या पानावर फक्त चालीचे थांबे लिहिले, प्रत्येकाखाली शब्द. मग गिटारवाल्याला म्हणाल्या, “आता मला सांग, हा स्वर ज्यांच्यात आहे अशा कॉर्ड किती? त्यातल्या तानपुऱ्याशी पटणाऱ्या किती? आणि त्यातली या शब्दाला हवी ती कुठली?”

‘मी’चा गंधार घेऊ. ग ज्यांच्यात आहे अशा साध्या कॉर्ड्स तीन: जी (सा-ग-प), ई मायनर (ध-सा-ग), बी मायनर (ग-प-नि). शिवाय सी मेजरमध्ये वरून ग मिसळला की म-ध-सा-ग. एकच गंधार, पण जीमध्ये तो घरी आहे, ई मायनरमध्ये तो उदास कॉर्डचा वरचा स्वर होतो, आणि सीवर तो कुठेच टेकलेला नाही, लोंबकळतो. गायिकेने ‘मी’ लांबवून धरला आणि गिटारवाला खाली या कॉर्ड्स एकामागून एक वाजवत गेला. तिच्या आवाजात काहीच बदल नव्हता. बाई म्हणाल्या, “ही चार वेगवेगळी माणसं ‘मी’ म्हणतायत.”

तिथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिशा ठरली. एक नियमही ठरला: जी बदली कॉर्ड अख्खं आवर्तन टिकते ती सा-पशी पटलीच पाहिजे. जी घासते ती चार मात्रांपेक्षा जास्त थांबणार नाही, आणि तिच्यात गायिकेचा स्वर असलाच पाहिजे.

निर्णयाची दुसरी जागा: कुठे हात लावायचा नाही

गिटारवाल्याला पहिल्या अंतऱ्यानंतरच्या मुखड्यापासूनच बदल सुरू करायचा होता. ताई आणि मी विरोधात होतो. ऐकणाऱ्याच्या कानात मुखडा आणि त्याचं घर पक्कं बसल्याशिवाय घर सोडलेलं त्याला कळणार कसं? म्हणून पहिले दोन मुखडे अक्षरशः सारखे ठेवले: जी, सी, डी, जी. यावर बराच वाद झाला. त्याचं म्हणणं होतं की गाणं अर्ध्यावर येईपर्यंत श्रोता कंटाळतो. बाईंनी आठवण करून दिली की त्यांना स्वतःला कंटाळा तिसऱ्या मुखड्याला आला होता, दुसऱ्याला आला नव्हता. तिथे तो विषय संपला.

तिसरा मुखडा: चौथी तार

दुसऱ्या अंतऱ्यानंतर ‘मी’ला ई मायनर घ्यायची, हे ठरलं. पण ‘नाही’वरच्या डीवरून थेट ई मायनरवर गेलं की फसवल्यासारखं वाटत होतं, कॉर्ड बदलली एवढंच कळायचं, ओढ जाणवायची नाही. मग गिटारवाल्याने ई मायनरची स्वतःची सेव्हन्थ मधे घातली: बी सेव्हन्थ, म्हणजे ग, कोमल ध, नि, रे. यात रिषभ आहे, त्यामुळे गायिका सुखरूप. कोमल धैवत मात्र तानपुऱ्याच्या पंचमाशी घासतो आणि निषाद षड्जाशी, म्हणून ती आवर्तनाच्या उत्तरार्धात, फक्त चार मात्रा.

आता गिटारच्या चौथ्या तारेकडे बघा. डीच्या आकारात ती तार मोकळी असते, ती पंचम देते. बी सेव्हन्थमध्ये कॅपोपासून पहिल्या घरात बोट, कोमल धैवत. ई मायनरमध्ये दुसऱ्या घरात, शुद्ध धैवत. ‘नाही’ ते ‘मी’ या प्रवासात एकाच तारेवर पंचम, कोमल धैवत, धैवत असा स्वर वर सरकतो. गायिका त्याच वेळी रिषभावरून गंधारावर चढते. ताईंनी सांगितलं, बाकीच्या तारा हलक्या ठेव, मला ही एकच तार ऐकू दे. झालं तसंच. त्या क्षणी कॉर्ड हा ठोकळा राहिला नाही, गळ्याच्या चालीखाली दुसरी छोटी चाल झाली. जुन्या हिंदी सिनेमात सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजर्सनी व्हायोलिनवर मुख्य चालीला समांतर चाली लिहिल्या, त्या मला इथे आठवल्या. एका वेळी एकच स्वर असलेल्या आपल्या चालीला जाड कॉर्डपेक्षा अशी दुसरी चाल जास्त मानवते, असं माझं मत आहे.

सी मायनरलाही जागा मिळाली. तिसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ षड्जावर संपते. तिथे म-ध-साचं म-कोमल ध-सा होऊ शकतं, कारण गायिका साला धरून आहे आणि तानपुऱ्याचा साही कॉर्डमध्येच आहे. सी, सी मायनर, मग मुखड्याची जी. पुन्हा तीच चौथी तार: दुसरं घर, पहिलं घर, मोकळी. धैवत, कोमल धैवत, पंचम. तिसऱ्या मुखड्यात जो स्वर चढला होता तोच आता उतरतो. हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं. गिटारवाल्याच्या बोटांनी ते दाखवलं आणि तो स्वतःच हसायला लागला.

एक अडचण मात्र राहिली. ओळ संपल्यावर काका पेटीवर छोटा भराव घेतात, आणि तो हात सवयीने शुद्ध धैवतावरून खाली येतो. सी मायनर वाजत असताना तो धैवत आला की सगळं विस्कटतं. काकांना कोमल धैवत घ्यायला सांगितलं तर ते म्हणाले, “घेईन, पण मग तो भैरवीसारखा ऐकू येईल, चाल तशी नाही.” त्यांचं ऐकून ठरलं की त्या जागी पेटी गप्प राहील.

शेवटचा मुखडा

शेवटच्या मुखड्याला गिटारवाल्याने आणखी रंगीत काहीतरी आणलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिला आता रडायचं नाहीये रे. ती नुसती बसलीय.” मग कोमल स्वर सगळे काढले. ‘दार लोटून’ला जी, ‘गेलास तू’ला ई मायनर, ‘नाही’ला साधी डी, ‘मी’ला सी. खालचा स्वर सा, ध, प, म असा उतरतो आणि मध्यमावर थांबतो. चारही कॉर्ड्स शाळकरी मुलालाही येतात.

सीवर ‘मी’चा गंधार म्हणजे म-ध-सावर ग. गिटारवाला सुरुवातीला तो ग गिटारवरही वाजवत होता. गायिकेला ते नको होतं, आणि कारण अगदी मोजता येण्यासारखं आहे. तानपुऱ्यातून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो तो षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर असतो (सेंट हे स्वरांतलं अंतर मोजायचं माप). गिटारचा गंधार पडद्यांनी ठरवलेला, ४०० सेंटवर. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट धरले तर १४ सेंटचा फरक थोडा नाही. लांब धरलेल्या स्वराला तो थरथर आणतो. काकांची पेटीही त्याच समान अंतरांत लावलेली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, तिच्या कारणांत पेटीचे हे बांधलेले स्वर होतेच. काकांना तो इतिहास ठाऊक होता; शेवटच्या ‘मी’ला पेटी थांबवायला ते स्वतःहून तयार झाले. गिटारनेही ग सोडला. कॉर्डचा चौथा स्वर गायिकेने द्यायचा, तिच्या जागेवरचा.

मग प्रश्न आला, गाणं मध्यमावरच सोडायचं की साला परत यायचं? ताईंना परत यायला हवं होतं. श्रोता सभागृहातून अधांतरी जाऊ नये. बाईंना अजिबात नको होतं. दार उघडं आहे, मग गाणं बंद का करता? वाद अर्धा तास चालला. उत्तर गायिकेने सुचवलं: “तू सी वाजव आणि हाताने तारा बंद कर. मी ग धरून ठेवते. तानपुरा चालूच आहे.” करून बघितलं. गिटारचे म आणि ध गेले की उरतात तानपुऱ्याचे सा आणि प, आणि गळ्यातला ग. म्हणजे सा-ग-प. घरची कॉर्ड कुणीही न वाजवता तयार होते. दोघींचंही समाधान झालं, आणि हे कॉर्डच्या कुठल्याही तक्त्यात सापडलं नसतं. तानपुऱ्याला कॉर्डचा भाग धरलं म्हणूनच सुचलं.

परिणाम

कार्यक्रम गणपतीनंतर झाला. गाण्यानंतर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी ताईंना विचारलं, “शेवटचा मुखडा वेगळ्या चालीत घेतलात ना?” चाल शेवटपर्यंत तीच होती. मला यापेक्षा मोठी दाद नको. गिटारवाल्याच्या बरोबरीच्या एका वादकाला मात्र गाण्यात ‘खास काही कॉर्ड्स’ नाहीत असं वाटलं. त्याच्या कानाने ते खरंच आहे. गाण्यातल्या बदली कॉर्ड्स तीन-चार जागी आणि त्यातल्या दोनच अनोळखी.

तिसऱ्या मुखड्याची जागा मंचावर तितकी फुलली नाही. लय तालमीपेक्षा थोडी चढली होती आणि बी सेव्हन्थच्या चार मात्रा भुर्रकन गेल्या. चौथ्या तारेचा कोमल धैवत मागच्या रांगांपर्यंत पोचला असेल असं वाटत नाही.

पुढच्या एका कार्यक्रमात काकांऐवजी दुसरे पेटीवादक होते. उत्तम वाजवणारे, पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी सी मायनरवर त्यांनी सहज, सुरेख भराव घेतला, शुद्ध धैवतावरून. गायिका सांगते, तिला तिथे डोळे मिटून घ्यावे लागले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला आठवडा वाचला असता, गिटारवाल्याने घरी काम करताना फोनवर काळी चारचा तानपुरा लावून ठेवला असता तर. त्याचा सिद्धांत कमी पडला नव्हता, त्याच्यापाशी सगळे स्वर नव्हते. आता माझ्या कार्यशाळेत कुणी भावगीताला किंवा अभंगाला कॉर्ड्स लावत असेल तर मी आधी तानपुरा चालू करायला लावतो.

कागदावरही नुसत्या कॉर्ड्स लिहून भागत नाही. या गाण्याच्या नव्या कागदावर प्रत्येक आवर्तनाखाली तीन ओळी आहेत: चालीचा थांबा सरगममध्ये, कॉर्डचे स्वर सरगममध्ये, आणि पेटीने थांबायचं की भरायचं. कॉर्डचं इंग्रजी नाव सगळ्यात शेवटी, फक्त गिटारवाल्यासाठी. काका म्हणाले, असं लिहिलं असतं तर ते पहिल्याच दिवशी सांगू शकले असते की दोन धैवत भांडणार आहेत.

श्रेयाचा प्रश्न वेळेवर बोलला गेला, हे चांगलं झालं. चाल ताईंची, पण चौथ्या तारेची ती दुसरी चाल गिटारवाल्याची. पत्रिकेवर ‘संगीत संयोजन’ म्हणून त्याचं नाव गेलं.

तबल्याचं तसं झालं नाही. बी सेव्हन्थ कुठे येते हे तबलजीला ठाऊकच नव्हतं. त्याला कागद कुणी दिला नव्हता. तिथे त्याने लय धरून ठेवायची, हे त्याला माहीत असायला हवं होतं.

आता गाणं रेकॉर्ड करायचं चाललं आहे आणि एक वाद उघडा आहे. स्टुडिओत तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर असेल, म्हणजे ‘नाही’च्या आवर्तनात तो पूर्ण बंद करता येईल. मग बी सेव्हन्थ चारऐवजी आठ मात्रा टिकू शकते आणि ती चढती तार नीट ऐकू येईल. गिटारवाल्याला तसंच हवं आहे. ताई म्हणतात, तानपुरा गेला की श्रोत्याला कळो न कळो, गायिकेला कळेल आणि तिचा रिषभ बदलेल. गायिका म्हणते, दोन्ही प्रकारे गाऊन देते, मग ठरवा.